जिनिंगचा इंटरकॉम, नागपूरचा नंबर आणि मधे अडणारा कोड

हिंगणघाट तालुक्यातल्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीतली ही केस आहे, नाव-गाव सांगत नाही, पण ईपीएबीएक्सचं, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या डब्याचं, काम करणाऱ्या कोणाच्याही पुढ्यात हे कधी ना कधी येतंच म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. तक्रार एका वाक्याची होती. सौद्याच्या टेबलावरचा एक्स्टेन्शन २१, म्हणजे आतला २१ नंबरचा फोन, संध्याकाळी नागपूरच्या ऑफिसला फॉरवर्ड करून ठेवतात, पण बाहेरून आलेला फोन कधी नागपूरला लागतो आणि कधी लागत नाही. दिवाणजींच्या भाषेत, "भाऊ, दिवसा मी सोता लावून पाह्यला, धडधड लागते. रात्री पार्टीवाले बोंबलते का तुमचा फोनच लागत नाही. आता कोनाचं खरं मानाव?"

लँडलाइन कशाला पाहिजे या जमान्यात, हे मीही विचारलं. तर कारणं होती. लेटरहेडवर, बिलावर, बँकेच्या कागदावर तोच जुना नंबर छापलेला, आणि कोइम्बतूर, राजकोट, गुंटूरकडचे जे जुने दलाल आहेत ते त्याच नंबरवर फोन करतात. नवीन पोरं सगळी व्हॉट्सॲपवर सौदा करतात, पण जुना माणूस खंडीचा भाव, म्हणजे ३५६ किलोचा, तोंडी बोलूनच पक्का करतो. आणि तो बोलतो रात्री, कारण न्यूयॉर्कचा कापूस वायदा आपल्याकडच्या रात्री उशिरापर्यंत चालतो आणि तो पाहिल्याशिवाय कोणी हो म्हणत नाही. सौदा बघणारे काका संध्याकाळी फॅक्टरीतून निघून नागपूरला जातात, तिथे ऑफिसात दोघं-तिघं असतात, जो जवळ असेल तो उचलतो, म्हणून एकाच्या मोबाइलवर नाही तर तिथल्या लँडलाइनवर, ०७१२ वाल्या नंबरवर, फॉरवर्ड पाहिजे. शिवाय प्रेस हॉल आणि शेड टिनाचे, आत मोबाइलला रेंज अशी-तशीच, आणि कापसाला आग लागली तर गेट, काटा आणि प्रेसमधे पहिला इंटरकॉमच वाजतो. म्हणून तो डबा कोणी काढत नाही, आणि काढूही नये असं माझं मत.

डबा जुना आहे. दोन लँडलाइन, सोळा एक्स्टेन्शन, भिंतीवर. झाकण उघडलं तर आत रुईचा तूस इतका की कार्डं दिसेनात, वायरी जोडायच्या क्रोनच्या पट्टीवर पांढरा थर. आधी ब्रशनं ते झाडलं मग पुढचं.

आता कोडचं. हा डबा बसवला तेव्हा एसटीडीवर, म्हणजे बाहेरगावच्या कॉलवर, अंतराप्रमाणे बिलाचा पल्स पडायचा, रात्री उशिरा कॉलचे दर उतरायचे म्हणून लोक तोवर थांबून फोन लावायचे, मिनिटाला १ रुपयात देशभर हे वन इंडिया प्लॅननं १ मार्च २००६ पासून आणलं, हा डबा त्याच्याही आधीचा. तेव्हा सीझनमधे रात्री फॅक्टरीत हमाल, ट्रकवाले, चौकीदार असे कितीतरी लोक आणि फोन गेटवर पण, म्हणून शेठजींनी नियम करून घेतला: दिवसा सौद्याच्या टेबलाला एसटीडी खुली, बाकी सगळ्यांना कोड लागेल, आणि संध्याकाळी ७ नंतर नाईट मोड, त्यात २१ सकट सगळ्यांना कोड. कोड चार आकडी, ज्याचा त्याचा. आधी स्टार दाबून कोड टाकायचा, मग ० दाबून लाइन घ्यायची, मग नंबर. कोणाच्या कोडवर किती कॉल गेले ते प्रिंटरवर निघायचं. व्यवस्था चांगली होती खरं तर.

ती ढिली पडली २०२१ मधे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला लावायचं तर आधी ० लावावा लागतो. त्याच्या आधी आपल्या सर्कलमधला मोबाइल बिनशून्याचा लागायचा, त्यामुळे डब्याच्या दृष्टीनं तो लोकल. आता डबा बघतो की लाइन घेतल्यावर पुन्हा ० आला, म्हणजे एसटीडी, आण कोड. ड्रायव्हरला फोन लावायचा कोड, मुकादमाला लावायचा कोड. मग काय, दिवाणजींचा कोड गेटपासून काट्यापर्यंत सगळ्यांना पाठ झाला आणि प्रिंटरच्या कागदावर दिवाणजी एका वेळी तीन ठिकाणांहून बोलताना दिसायला लागले. कोणी म्हणेल की डब्याच्या टोल टेबलात, म्हणजे कुठला नंबर सोडायचा आणि कुठला अडवायचा त्या यादीत, ०७ पासूनचे नंबर मोकळे करून टाका, मोबाइल सुटतील. विदर्भात हे करायला जाऊ नका, आपले एसटीडी कोडच ०७ नं सुरू होतात, नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, वर्धा ०७१५२, यवतमाळ ०७२३२, आणि मोबाइलही ७ पासून आहेतच. दोन्हीकडे शून्य धरून ११ आकडे. पहिले दोन आकडे बघून डब्याला काही कळत नाही.

तर अशा डब्यात कोणीतरी (दिवाणजींचा भाचा, पोरगं हुशार आहे, पण मॅन्युअल न वाचता करणारं) २१ चा फॉरवर्ड करताना नागपूरच्या नंबरामागे दोन पॉझ टाकून दिवाणजींचा कोड जोडून ठेवला होता. त्याचा हिशेब असा की डबा नंबर लावेल, जरा थांबेल आणि कोड पण टाकेल. मला हे कसं समजलं तर नागपूरला फोन करून विचारलं की जे कॉल येतात त्यात काही वेगळं वाटतं का. तिकडचे म्हणाले, "उचलला का नाही तं कानात चार वेळा पीप-पीप वाजते, मंग बोलनं सुरू होते." ते पीप-पीप म्हणजे दिवाणजींचा कोड, एकेक आकडा, नागपूरच्या कानात.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळा घोळ याच्यातच आहे. कोड मागणारा कोण हे आधी ओळखावं लागतं, आणि ते तीन जण असू शकतात. एक, तुमचाच डबा मागतो, इथल्यासारखा. दोन, टेलिफोन एक्स्चेंज मागतं, म्हणजे एसटीडी लॉक असलेली लाइन, त्यात पिन टाकून लॉक उघडायचं असतं आणि परत लावेपर्यंत ते उघडंच राहतं, दर कॉलला पिन नसतो. तीन, पलीकडचा मागतो, जसं कॉलिंग कार्डाचा नंबर, कॉन्फरन्सचा नंबर, किंवा हेड ऑफिसचा असा नंबर जो आधी उचलतो आणि मग पासवर्ड विचारतो. पॉझ टाकून कोड जोडायची युक्ती फक्त तिसऱ्या प्रकाराला चालते, कारण लाइन एकदा घेतली की पॉझनंतरचे आकडे बाहेर जातात, पलीकडे जातात, आपल्या डब्याला ते ऐकूच येत नाहीत. आणि इथल्या डब्याला तर कोड लाइन घेण्याच्या आधी पाहिजे, फॉरवर्डच्या रकान्यात पहिला आकडा लाइनचाच असावा लागतो, मग कोड घुसवणार कुठून. बरं घुसला असता तरी मी म्हटलं असतं काढा, कारण डिस्प्लेवाल्या फोनवर फॉरवर्डचा नंबर वाचता येतो, त्यात कोड उघडा पडतो आणि रात्रभराचे सगळे कॉल एका माणसाच्या नावावर चढतात जो तिथे नाहीच. कोड हा माणसाला विचारायचा प्रश्न आहे, तू कोण म्हणून. फॉरवर्डमधे फोनजवळ माणूसच नसतो, तर मशीनला माणसाचा कोड देण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा त्या एका नंबराला परवानगी द्या.

पण मग कधी लागतो कधी नाही, हे का? कोडच आडवा येत असता तर रात्री एकही लागायला नको होता. म्हणून कान लावून ऐकलं. मोबाइलवरून बाहेरून फोन केला, २१ फॉरवर्डवर, संध्याकाळची वेळ. जुन्या नंबरवर लावला तर एक रेकॉर्ड केलेली बाई बोलली की या फोनवर ही सुविधा नाही. दुसऱ्या नंबरवर लावला तर सरळ नागपूर. रात्री उशिरा परत लावला तर दोन्हीकडून नुसती टूं-टूं-टूं. इथेच उत्तर होतं. बाईचा आवाज हा एक्स्चेंजचा असतो, डब्याला बोलता येत नाही, तो फक्त टोन देतो. म्हणजे अडवणारे दोघं वेगवेगळे होते.

झालं असं. दुसरी लाइन फार पूर्वी फॅक्टरीनंच अर्ज देऊन एक्स्चेंजमधून एसटीडी बंद करून घेतलेली, ती मुळात फक्त येणाऱ्या कॉलसाठी. हे आताच्या कोणाला माहितीच नाही, ज्यांनी अर्ज दिला ते दिवाणजी कधीचेच रिटायर होऊन गावी गेले. बाहेरचा फोन बाहेर फॉरवर्ड होतो तेव्हा डब्याच्या दोन लाइन लागतात, एकीवरून आला, दुसरीवरून गेला. दलालानं लेटरहेडवरचा जुना नंबर लावला म्हणजे पहिली लाइन गुंतली, नागपूरला जायला उरली दुसरी, तिला एसटीडीच नाही, बाई बोलणार. आणि दुसऱ्या नंबरवर आला तर जायला पहिली मोकळी, लागतो. आता दिवाणजी दिवसा टेस्ट करून राहिले होते ते कुठल्या नंबरवर? त्यांच्या मोबाइलमधे 'फॅक्टरी' म्हणून सेव्ह असलेला नंबर दुसऱ्या लाइनचा. धडधड लागणारच की.

आणि रात्रीची टूं-टूं हा नाईट मोड. पण तो ७ ला लागायला पाहिजे तर ९ च्या सुमारास लागत होता, कारण डब्यातलं घड्याळ मागे. आतला बारका सेल मेलेला, लाइट गेली आणि बॅकअपची बॅटरी उतरली की घड्याळ थांबायचं, आली की तिथून पुढे चालायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट किती जाते ते सांगायला नको. म्हणजे ७ ते ९ मधे कोणत्या नंबरवर फोन आला त्यावर नशीब, ९ नंतर सगळ्यांचं नशीब सारखं. एका तक्रारीत तीन कारणं गुंतलेली, म्हणून प्रत्येकाचं खरं होतं, दिवाणजींचं पण आणि पार्टीवाल्यांचं पण.

शेठजींसमोर बसून काय काय करता येईल ते मांडलं. सोपं म्हणजे एक्स्चेंजवरूनच पहिली लाइन नागपूरला फॉरवर्ड करणं, डब्याचा संबंधच नाही, लाइन पण अडकत नाही. पण मग काट्याचा, गेटचा, गाडीवाल्यांचा सगळ्यांचाच फोन नागपूरला जाईल, एकट्या २१ चा नाही, आणि रोज संध्याकाळी आठवणीनं लावायचा, सकाळी काढायचा. सीझनमधे कोण आठवण ठेवते. नाईट मोडमधून २१ ला वगळून एसटीडी खुली ठेवणं हा दुसरा रस्ता, एका मिनिटाचं काम, पण मग रात्री सौद्याच्या खोलीत जो जाईल त्याला देशभर मोकळं रान. शेठजींना मी म्हटलं, आता कॉलला पैसे तसे लागत नाहीत, कोडच काढून टाकायचा का सगळा? ते म्हणाले, "पैशाचं नाही हो. दोनच लाइनी आहे. गेटवरचा गडी अर्धा तास पोरीशी बोलत बसला तर कोइम्बतूरवाला मले कुठून सापडीन?" हे पटलं मला. इंटरनेटवरून नागपूरचा फोन जोडायचंही निघालं, ते मीच नको म्हटलं, गावातल्या नेटचा भरवसा नाही आणि इंटरनेटचा आवाज नि टेलिफोनची लाइन एकमेकांत मिसळताना टेलिकॉमचे नियम पाहावे लागतात, एका एक्स्टेन्शनसाठी एवढं कोण करेल.

भाच्याचं म्हणणं की एक सिम घेऊन त्यावरच मोबाइलचा फॉरवर्ड लावू, कोड डायल करून. तर ते स्टार ४०१ हॅश वगैरे कोड डायल करून फॉरवर्ड लावायची सोय १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली आहे, कारण भामटे लोकांना फोन करून तो कोड दाबायला लावायचे आणि त्यांचे कॉल, ओटीपी सगळं स्वतःकडे वळवून घ्यायचे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना एवढं सांगून ठेवा, कोणी फोन करून स्टारवाला नंबर दाबा म्हटलं तर दाबायचा नाही.

शेवटी केलं ते असं. सिम बसणारा एक छोटा जीएसएमचा डबा घेतला, तो ईपीएबीएक्सच्या रिकाम्या ट्रंक पोर्टला, म्हणजे बाहेरची लाइन लावायच्या जागी, जोडला, अँटेना वायरनं छतावर, टिनाच्या वर. ही झाली तिसरी लाइन, फक्त जाण्यासाठी. २१ चा बाहेरचा फॉरवर्ड या तिसरीवरून, ती गुंतलेली असेल तर मग लँडलाइन. दुसऱ्या लाइनची एसटीडी सुरू करायला शेठजींच्या सहीचा अर्ज दिला, ती सुरू पण झाली. मग डब्याच्या टोल टेबलात, नाईट क्लासच्या परवानगीच्या यादीत, नागपूरचा पूर्ण ११ आकडी नंबर टाकला. नुसता ०७१२ नाही, पूर्ण नंबर. ०७१२ टाकला असता तर अख्खं नागपूर मोकळं झालं असतं. काही डब्यांच्या टेबलात ११ आकडे मावत नाहीत, तिथे सिस्टिम स्पीड डायल वापरता येतं, बऱ्याच मॉडेलमधे त्यात भरलेल्या नंबराला टोलची बंदी लागू होत नाही अशी सेटिंग असते, मग तो नंबर प्रोग्रामिंगचा पासवर्ड असणाराच बदलू शकतो. फॉरवर्डमधून पॉझ आणि कोड काढला. घड्याळाचा सेल बदलला, वेळ लावली. दिवाणजींचा जुना कोड बंद करून नवीन दिला, आणि ड्रायव्हर, मुकादम, ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड असे जे खरंच लागतात ते नंबर त्याच यादीत टाकले म्हणजे कोड मागायला कोणी दिवाणजींकडे यायला नको. दिवाणजींना नवीन कोड कोणाला सांगू नका म्हटलं तर म्हणाले, "मी कोनाले सांगतलाच नव्हता, मी दाबतानी पोट्ट्यायनं पाहून घेतला."

लाइन टू लाइन जोडणी उघडताना एक गोष्ट पाहिलीच पाहिजे, की ती फक्त २१ ला मिळाली आहे ना. बाकी सगळ्या एक्स्टेन्शनचा बाहेरचा फॉरवर्ड बंद केला. बाहेरून फोन करून पासवर्डवर आपल्या डब्याची लाइन घ्यायची जी सोय असते, डिसा म्हणतात तिला, ती चालू होती आणि पासवर्ड कंपनीचाच, जसा आला तसा. ती बंद. ०० नं सुरू होणारं, म्हणजे परदेशी, सगळं बंद, कोड असला तरी. प्रोग्रामिंगचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात शेठजींच्या कपाटात. या सोयी उघड्या राहिल्या की चोर बाहेरून डब्यात शिरून परदेशी कॉल करतो आणि बिल मालकाच्या नावानं येतं, आणि हे व्हायला डबा शहरातच असावा लागतो असं काही नाही.

चालू झाल्यावर दोन कटकटी निघाल्या. पहिली ही की दोघांनी फोन ठेवला तरी लाइन सुटत नव्हती. साध्या लँडलाइनवर पलीकडच्यानं ठेवला हे डब्याला आपोआप समजत नाही, आपला माणूस असेल तर तो रिसीव्हर ठेवतो म्हणून समजतं, इथे तर दोन्हीकडे बाहेरचेच. जीएसएमचा डबा फोन सुटला की लाइनची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी करू शकतो, ते चालू केलं आणि ईपीएबीएक्सला ते बघायला सांगितलं, लँडलाइनसाठी बिझी टोन ओळखायची सेटिंग, आणि वरून १५ मिनिटांचा टायमर, संपायच्या आधी बीप. सौदा पंधरा मिनिटांत होत नसेल तर परत लावा म्हणावं. दुसरी कटकट आवाजाची, कोइम्बतूर ते फॅक्टरी ते नागपूर अशा दोन टप्प्यांत आवाज पडतो, गेन, म्हणजे आवाजाची पातळी, थोडी वाढवली, जास्त वाढवली की स्वतःचाच आवाज घुमून परत येतो, म्हणून थोडीच. नागपूरला डिस्प्लेवर दलालाचा नंबर दिसत नाही, फॅक्टरीच्या सिमचा दिसतो, दलालाचा नंबर या जोडणीत दिसणार नाही हे आधीच सांगून टाकलं होतं म्हणून त्यावर वाद नाही झाला. काका उचलल्यावर पहिले नाव विचारतात, बस.

काट्यावरच्या बाबूला आता त्याचाही एक्स्टेन्शन पुण्याच्या पोराच्या नंबरवर पाहिजे. शेठजी म्हणाले, "त्याच्यासाठी तुह्या खिशात मोबाइल आहे ना बाबू."

डब्याच्या झाकणाच्या आत एक कार्ड चिकटवलंय, त्यावर लाइन कोणती कुठली, २१ कुठे जातो आणि नंबर कुठल्या दोन ठिकाणी भरलाय ते लिहिलं. नागपूरचं ऑफिस पुढच्या सीझनला दुसरीकडे हलणार असं कानावर आहे, नंबर बदलला तर फॉरवर्डमधे पण बदलायचा आणि टेबलात पण, नुसता फॉरवर्डमधे बदलला तर दिवसा लागेल आणि ७ नंतर पुन्हा टूं-टूं.